परत करणे – पुणे

आमच्या कंपनीतलं भंगार महिन्याच्या महिन्याला उचललं जातं. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच राहतात! त्यातले निम्मे वैद्यसाहेबांचे. हडपसरला आम्ही पंप बनवतो. साहेब खरेदी खात्याचे प्रमुख, आणि मी कित्येक वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर.

*

परदेशी गिऱ्हाइकांनी बजावलं, तुमची खरेदी पर्यावरणाला धरून हवी. झालं, विक्रेत्यांची रीघ लागली! एकजण मातीत विरघळणाऱ्या पिशव्यांचे नमुने घेऊन आला. नमुने प्लॅस्टिकच्या थरावर थर गुंडाळून आणलेले! साहेबांनी शांतपणे सगळं सोडवलं.

"पिशव्या पसंत आहेत. कचरा आपला आपण घेऊन जा."

*

मग एकदाच वापरायचे लाकडी खोके बंद झाले आणि निळे क्रेट आले. पंप भरून डीलरकडे जायचे, रिकामे होऊन परत यायचे. स्टोअरमधले गायकवाड प्रत्येक क्रेटवर पत्र्याचा साचा धरून पांढऱ्या रंगात उमटवायचे, 'रिकामा परत करणे – पुणे'.

कात्रजच्या एका डीलरच्या बायकोने एका क्रेटमध्ये गच्चीवर चक्क कोथिंबीर लावली. साहेब स्वतः गेले! वहिनी म्हणाल्या, नुकतीच उगवलीय, राहू द्या ना. साहेब म्हणाले, "राहू द्या की. मी थांबतो." आणि खुर्ची ओढून बसले. वहिनींनी कोथिंबीर मातीसकट घमेल्यात हलवली, तेव्हाच उठले. गेलेली वस्तू परत आलीच पाहिजे, हे त्यांचं वेडच होतं.

*

सायली आमच्याकडे नवीन. तिने परदेशातला स्वस्त व्हॉल्व्ह शोधून काढला. साहेब म्हणाले, जवळ मिळत असताना इतक्या लांब कशाला जायचं? ती हिरीरीने सांगायला लागली की सर, हल्ली लांब असं काही राहिलंच नाहीये. मी टेबलाखालून तिला पाय मारला.

साहेबांचा एकुलता एक मुलगा, निनाद, कॅनडात असतो. शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला. गणपतीत साहेब सांगायचे, दिवाळीला येतोय. दिवाळीत सांगायचे, आता उन्हाळ्यात. साहेबांची बायको वारल्यापासून घरी ते एकटेच. खरं सांगते, त्यांच्याबरोबर वाट बघायची सवय आम्हालाही लागली होती. फार वाईट वाटायचं.

*

निनाद निघाला तेव्हा साहेब त्याची मोठी बॅग घेऊन थेट स्टोअरमध्ये आले होते. गायकवाडांना म्हणाले, साचा आणा. 'रिकामा' हा शब्द कागदाने झाकायला लावला आणि बाकीचं बॅगेवर उमटवून घेतलं. विमानतळावर ओळखू यावी म्हणून, असं आम्हाला सांगितलं. आम्ही खूप हसलो होतो.

*

या दिवाळीत ती बॅग आली. निनादच्या मित्राबरोबर. निनादने तिकडे घर घेतलंय, त्यामुळे यंदा जमलं नाही. बॅगेत चॉकलेटं होती आणि साहेबांसाठी उबदार जाकीट. चॉकलेटं साहेबांनी अख्ख्या खात्यात वाटली. सायलीनेही एक उचललं.

मित्र परत जायचा होता, तेव्हा साहेबांनी बॅगेत चकल्या आणि भाजणी भरली आणि ती स्टोअरमध्ये आणली. वरची अक्षरं पार पुसट झाली होती. गायकवाडांनी साचा काढला, ब्रश भिजवला आणि थांबले.

"साहेब, आता काय लिहायचं?"

"तेच," साहेब म्हणाले. "फक्त या वेळी रंग जरा जाड लावा."