टाकीवरची रेंज

माझ्या सासरी, नालासोपाऱ्याजवळच्या गास गावी, फोनवर एकट्याने बोलायची पद्धतच नव्हती. लँडलाइन ओटीवर होती आणि ती सगळ्या आळीची होती. कुणाचाही फोन आला की घरातली चार आणि शेजारची चार माणसं भोवती जमायची. बोलणाऱ्याने पलीकडचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणायचं, म्हणजे जमलेल्यांना कळेल. "पास झाला म्हनतो!" "कंबर दुखते म्हनते!" मी उमेळ्याच्या फ्लॅटमधून आलेली. आमच्याकडे फोन आतल्या खोलीत असायचा. लग्नानंतर आईचा पहिला फोन आला आणि तिने विचारलं, "सासूबाई तापट आहेत का गं?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "काय म्हनते आई?" त्यांनी विचारलं. "तुमची चौकशी करते," मी म्हटलं. त्या दिवसापासून या रीतीवर माझा राग होता.

मी सांगते तो दोन हजार तीन-चारचा सुमार. धाकट्या नणंदेचं लग्न ठरत आलं होतं. ती नालासोपाऱ्याला बालवाडीत शिकवायची. मुलगा आगाशीचा, मालवाहू बोटीवर नोकरीला. बघायला आला तेव्हा तो सगळा वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत बसला. बोलली ती त्याची आई, तेही दोघांच्या वाटचं. पुढच्या आठवड्यात तो बोटीवर गेला. आता रविवारी दुपारी बोट कुठल्याशा बंदराला लागणार होती. तो किनाऱ्यावर उतरून एकदाच फोन करणार, दोघं चार शब्द बोलणार आणि मग मोठी माणसं साखरपुड्याची तारीख धरणार, असं ठरलं होतं.

त्याआधी एका सकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडताना नणंद मला म्हणाली, "वहिनी, मला त्याला एकच विचारायचंय. त्याची स्वतःची मर्जी हाय, का आईने सांगितलं म्हनून हो म्हटलं? मला कुनाच्या गळ्यात पडायचं नाय."

"मग विचार की."

"ओटीवर? सगळ्यांच्या पुढं?" तिचे डोळे भरून आले. मला तिची दया आली आणि सगळ्या ओटीचा संतापही आला.

मुलाकडे नंबर एकच द्यायचा होता आणि तो कुठला, यावर घरात खल चालला होता. लँडलाइनच्या तारेवर माडाची झावळी पडून ती बंद होती. माझ्या नवऱ्याकडे सिमकार्डाचा मोबाइल होता, पण त्याला घरात रेंजची एक दांडी दिसली तर नशीब. दिराने नुकताच दुसऱ्या जातीचा फोन घेतला होता, त्यात कार्डबिर्ड काही नाही, नंबर फोनमध्येच बसवलेला. सासऱ्यांनी, म्हणजे जन्मभर मोगरा आणि केळी लावलेल्या माणसाने, दोन्ही फोन दोन हातांत घेतले, काखेत खुंट्यांची जुडी मारली आणि वाडीभर फिरले. रेंज येईल तिथे खुंटी ठोकायची, वाफे आखताना ठोकतात तशी. दिराच्या फोनला सगळीकडेच रेंज. पाचसहा खुंट्या ठोकून त्यांनी नाद सोडला. नवऱ्याच्या फोनला पूर्ण रेंज मिळाली ती एकाच ठिकाणी, केळींच्या पलीकडे, विहिरीजवळच्या पाण्याच्या टाकीवर. तिथे वर चढलं तर एकच माणूस जेमतेम उभं राहतं.

"यात इचार काय करायचा?" सासरे म्हणाले. "धाकट्याचा फोन. ओटीवर चालतो, समद्यांना ऐकायला येल."

मला तेच नको होतं. मी म्हटलं, "बाबा, परदेशातून फोन कुठल्यावर नीट येतो ते तरी बघूया. माझा भाऊ मस्कतला आहे. त्याला दोन्हींवर करायला सांगते." चोख माणूस, त्यांना लगेच पटलं. भावाने दोन्हींवर फोन केले. ओटीवर आवाज खणखणीत आला, टाकीवरही खणखणीत आला. पण दोन्ही वेळा फोन माझ्याच कानाला होता आणि निकाल मीच सांगायचा होता.

"ओटीवर खरखर फार," मी जाहीर केलं. "टाकीवर कसं स्वच्छ!"

नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने नखं कुरतडायला घेतली. टाकीवरचा नंबर आगाशीला गेला. या थापेचं मला आजही काही वाटत नाही.

रविवारी नणंद फोन घेऊन टाकीवर चढली आणि आम्ही सगळे ओटीवर बसलो. मधे केळींची दाट रांग. सासूबाई सारखी मान उंचावत होत्या. मी मनातून खूश होते. रिंग वाजली ती आम्हाला पुसटशी ऐकू आली. आणि मग केळींच्या वरून नणंदेचा आवाज आला.

"पोचलात म्हनता? बरं, बरं! जेवलात म्हनता!"

मी कपाळावर हात मारला. एवढा खटाटोप करून तिला एकटीला टाकीवर चढवली, तर ही जन्माच्या सवयीने त्याचं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होती! तिला थांबवायला धावावं, तर ओटीवर कुणी हलेना आणि मला वाट देईना.

"एक विचारू? तुमची स्वतःची मर्जी हाय, का आईंनी सांगितलं म्हनून?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. दिराने हसायला सुरुवात केली, सासऱ्यांनी त्याला हातानेच गप्प केलं.

"काय? बशी देताना माझा हात कापत होता म्हनता? मलाच कुनी जबरदस्तीने बसवलंय असं वाटलं, म्हनून वर बघितलं नाय म्हनता? म्हंजे तुमची मर्जी हाय म्हनता!"

मला इकडे रडूच फुटलं. पण वरचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"माझी?" ती म्हणाली. "माझी तर आजून कुनी विचारलीच नाय... हॅलो? हॅलो?"

फोन तुटला. ओटीवर कुणी कुणाकडे बघेना. सासरे उठले, चपला न घालताच केळींतून चालत टाकीपाशी गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेले. नणंद शिडीवरून उतरत होती, चेहरा लालबुंद. सासरे खालच्या पायरीशी उभे राहिले. मघाशी वाडीभर ऐकू गेलेलं त्यांच्या लेकीचं बोलणं त्यांना चांगलंच लागलेलं दिसत होतं.

"बाय," त्यांनी विचारलं, "नि तुजी?"

ती इतकं हळू बोलली की दोन हातांवर असलेल्या मलाही ऐकू आलं नाही. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि ओटीकडे तोंड करून, घरच्या रीतीप्रमाणे, सरळ आगाशीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हो म्हनते!"