नाथाच्या टांग्याची कमान

पौषातलं धुकं उल्हास नदीवरनं चढून कल्याणच्या टांग्याच्या अड्ड्यापर्यंत आलं होतं. घोड्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या. अड्ड्याच्या कडेला झापाखाली भिवा लोहाराची भट्टी पेटली होती, त्याची बायको मालन भाता ओढत होती आणि निखाऱ्यात एक कोयता लाल होत होता.

भिवा मूळचा देशावरचा. रेल्वेचा रस्ता घाटातून काढला तेव्हा त्याचा बाप तिथं कामाला आला. बोगदे खोदणाऱ्यांच्या पहारी, छिन्न्या लाल तापवायच्या आणि पाण्यात बुडवून कडक करायच्या, म्हणजे पोलादाला पाणी द्यायचं. भिवा त्या ठिणग्यांतच मोठा झाला. दगडाला भिडायचं तर पोलाद कडक पाहिजे, एवढं एकच शास्त्र बापानं त्याला दिलं. काम सरलं, बाप गेला, भिवानं कल्याणात ऐरण रोवली. त्याच्या कोयत्याची धार हंगामभर बोथट होत नसे. भिवा त्यावर खूश होता.

कोयता बाहेर काढणार, तोच नाथा टांगेवाला टांग्याखालची, धक्के झेलणारी लोखंडी पट्टी हातात घेऊन आला.

"भिवा, ही बघ तुजी कमान! पयली मोडली काचेसारकी. ही दुसरी म्हशीसारकी बसली, उठाचा नावच नाय!"

"म्हशीला चारा घाल, उठंल," भिवा म्हणाला.

"मस्करी नको रे. उद्या मना मुरबाडवरशी पोरीला आनाची हाय. सातवा महिना चाललाय तिला. वाटेत कमान मोडली तर पोरीला घेऊन मी कुटं बसू? आन बसकी कमान घालून नेली तर दगडादगडावर पोटाला धक्का."

भिवाचं हसू गेलं. आगगाडीच्या मोडीतल्या पट्टीतून त्यानंच दोन्ही कमानी घडवल्या होत्या. पहिलीला कोयत्यासारखं पाणी दिलं, ती मोडली. दुसरीला भिऊन पाणीच दिलं नाही, ती बसली.

"या खेपेला मऊ बी न्हाई, कडक बी न्हाई," तो पुटपुटला. "पर कितपत कडक केली म्हंजी कमी वाकंल?"

"अवं, मोजून बघा की," मालन म्हणाली. "पाण्याआधी एकदा, पाण्यानंतर एकदा."

भिवानं बसलेली पट्टी तापवून पुन्हा बाक दिला आणि राखेत हळूहळू निवू दिली. मग दोन दगडांवर ती आडवी ठेवली. पट्टी किती वाकते ते कळावं म्हणून मालननं घरातला वरवंटा आणून खाली सरकवला. नाथानं खिळ्यांचं पोतं पट्टीवर टाकलं. पट्टी वाकली आणि वरवंट्याला टेकली. पोतं काढलं, तरी ती वर आली नाही.

"बघ, म्हैस!" नाथा म्हणाला.

भिवानं ती पुन्हा तापवली, बाक दिला आणि पाण्यात बुडवली. चर्र झालं. तेच दगड, तेच पोतं. पट्टी वाकली आणि थेट वरवंट्याला टेकली.

"आरं तिच्या!" भिवा खाली वाकून बघत राहिला. "कडक केली, तरी तेवढीच वाकली?"

पोतं उचललं तशी पट्टी टण्णकन वर आली.

"वाकायला दोन्ही खेपंला सारखीच," मालन म्हणाली. "आता उठली, मघा न्हाई."

भिवा ऐरणीवर टेकला. इतकी वर्षं तो समजत होता, पाणी दिलं की पोलाद कमी वाकतं. वाकणं तर पट्टीच्या जाडीवरच होतं. पाण्यानं फक्त परत येण्याचं बळ दिलं होतं, त्याबरोबर मोडण्याचं भयही.

"म्हंजी जाडी हाय ती बरी हाय," तो उठला. "आता फकस्त मोडायचं भ्या काढायचं. मालन, दिव्याचं करंजेल आण."

पट्टीला तेल चोपडून त्यानं ती निखाऱ्यांवर धरली. आधी धूर आला. मग टोकापासून टोकापर्यंत तेलानं पेट घेतला आणि विझला. तेवढ्या आचेनं पोलादाचा ठिसूळपणा उतरावा म्हणून असं त्यानं पुन्हा केलं, मग पट्टी निवू दिली आणि परत दगडांवर ठेवली.

या वेळी पोतं नको म्हणत नाथा स्वतःच पट्टीवर चढला आणि उड्या मारू लागला.

"भावजी, वरवंटा फोडाल!" मालन ओरडली.

नाथा उतरला. पट्टी होती तशी वर आली. भिवानं तिच्यावरून बोट फिरवलं. कुठं चीर नव्हती, बाकही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना मुरबाडच्या रस्त्यानं नाथाचा टांगा आला. शीला, त्याची लेक, आत गाठोड्याला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, डोळे झोपेचे.

"आलं का कल्याण?" तिनं विचारलं.

"बग रे भिवा! वाटभर घोरली," नाथा म्हणाला. "मी गप चालवला."

"बाबा, तुम्ही गात होता," शीला म्हणाली. "मीच दमून झोपले."

मालननं तिला पाणी दिलं, गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. भिवानं टांग्याखाली डोकं घालून कमान पाहिली आणि बाहेर आला. चेहऱ्यावरचं समाधान त्याला लपवता येईना.

"आता माजा वरवंटा घासून द्या," मालन म्हणाली. "कालपासनं मसाला वाटायचा राहिलाय."

भिवानं मूठभर राख घेतली आणि वरवंटा घासायला बसला.