शेवंताच्या सात्या

दुकान झाडलं की तागडीखालून काय काय निघतं! चार दाणे तुरीचे, दोन लवंगा, कोणाचं तरी बटण. किस्स्यांचंही तसंच. मी मालेगावात बसून नुसती तागडी धरली, ते आपोआप साचत गेले. त्यातले हे एकाच उन्हाळ्यातले, माझ्याच ओट्यावरचे.

तुकाराम माळ्याची शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. चैत्र चालू, आणि पोरीला डोहाळे लागले सात्यांचे! सात्या म्हणजे श्रावणात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या. दुसरं अन्न तिला जाईना. तुकाराम माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"शेठ, डोहाळे रायले तं पोराची लाळ गळते म्हन्तेत. सात्या घरीच उगवता येतीन का?"

माणूस रडवेला झाला होता, म्हणून आम्ही हसलो नाही. निदान त्या दिवशी तरी!

*

पहिली रीत शाळेतल्या मास्तरांची. कुठल्याशा मासिकातून त्यांनी वाचून दाखवली. काचेच्या बरण्या, वाफ, घोड्याची लीद, आणि दर दोन तासांनी थर्मामीटर!

करीमभाई पिंजारी पान जुळवत ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, बाळंतपन शेवंताचं हाय का सात्याचं?"

मासिक मिटलं.

*

मग तुकारामाची स्वतःची रीत. "सात्या वारुळावर येतेत नं? मंग वारूळच घरी आनतो!"

टोपलीभर वारूळ खणून त्याने ओसरीत मांडलं, रोज पाणी शिंपडलं. सात्या आल्या नाहीत. वाळवीने मात्र आठ दिवसांत बाजेचे दोन पाय खाल्ले!

त्याची बायको गंगूबाई दुकानात आली. "शेठ, यायले सांगा, आता नागोबा तेवढा आनाचा रायला!"

*

शेवटी करीमभाईंची रीत पास झाली. त्यांनी ती कुठे पाहुणे गेले तिथे पाहिली होती.

"भाताची तनस भिजवा, बी टाका, ओलं पोतं झाका आन् इसरून जा. इसरनं जमते का तेवढं बोला!"

मास्तरांनी सरकारी फार्मला पत्र लिहून बी मागवलं. पार्सल आलं माझ्या दुकानी. बाटली उघडून पाहतो तर ज्वारीचे दाणे, आणि त्यांवर पांढरीफटक बुरशी!

अहो, तीस वर्षं बी विकतो मी! बुरशीचं बी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं? बाटली मागच्या अंगणात रिकामी केली. तिथे गळक्या रांजणाखाली कंदिलाच्या काचांच्या पेटीतली तनस पडली होती, त्यावर. एक फाटकं पोतं वरून ढकललं. बाटलीत माझी फर्स्टक्लास ज्वारी भरली आणि तुकारामाला दिली. कोणाला बोललोही नाही. चांगल्या कामाचा गवगवा कशाला!

दहाव्या दिवशी तुकाराम धावत आला. "शेठ, उगवलं! पन सात्या हिरव्या असतेत का?"

मास्तरांनी जाऊन पोतं उचललं. "तुकाराम, हुरड्याला कधी बोलावता?"

*

मला कबूल करावंच लागलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "शेठ, ती बुरशी हेच बी होतं!"

करीमभाई म्हणाले, "सेठ, खराब माल चांगला म्हनून खपवनारे लय पायले. चांगला माल फेकनारे तुमीच पयले!"

शेवंताचे दिवस भरत आले होते. आम्ही सगळे फेकलेलं बी पाहायला मागच्या अंगणात गेलो. मी पोतं बाजूला केलं. खाली तनशीवर राखट छत्र्याच छत्र्या! टाकून मी विसरून गेलो होतो ना. करीमभाईंची रीत गावात मीच एकट्याने पाळली होती!

मी बोट दाखवायला गेलो तर तुकारामाने हात धरला. "बोट नोका दाखवू, शेठ! सडतीन!" मोठ्या छत्र्या त्याने तोडल्या, बारक्या कळ्या दोन दिवसांसाठी ठेवल्या.

*

गंगूबाईने भाजी केली. आणि मग सगळ्यांच्या मनात एकदमच आलं, या काही वारुळावरच्या नाहीत. विषारी असल्या तर?

"आंदी मी खातो," तुकाराम म्हणाला. "काई झालं तं मले होऊ द्या." गंगूबाईने डोळ्यांना पदर लावला.

पहिला घास. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. अर्धा तास गेला. काही नाही.

"एका घासानं समजत नाई." दुसरा घास.

"मीठ बराबर हाय. पन जहराचं सांगता येत नाई." तिसरा.

"आता भाकरीसंग काय होते, तेबी पाहाले पायजे."

दिवेलागणीला त्याने भाजीचा गंज पुसून बोटं चाटली. "काई भेव नाई, शेठ. एकदम चांगली हाय!"

शेवंता दारात उभी होती. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात रिकामं ताट.

"बा," ती म्हणाली, "डोहाळे मले लागले होते का तुले?"