नको कोणी म्हणायचं?

"तुमची वाडी कुठली म्हणालात?"

चहाचा कप माझ्या हातात होता. फ्लॅटचे मालक पावसच्या घरी, पडवीत आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत बसले होते. रत्नागिरीतला त्यांचा फ्लॅट मी घेत होते. विसार देऊन पंधरा दिवस झालेले, आणि मी बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र दाखवायला गेले होते. तोवर मी त्यांना 'एसटीतल्या कंडक्टर मॅडम' होते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, सगळ्या जातींत सापडतं. पण कोकणात आडनाव फसवतं, वाडी फसवत नाही.

"बौद्धवाडी," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. पुढे केलेलं पत्र त्यांनी घेतलंच नाही. "ठेव तिथे." बोट पायरीकडे. तिथे चपला होत्या. एका शब्दात मी 'तुम्ही'ची 'तू' झाले. आणि मी वाकून पत्र ठेवलं. भरल्या गाडीतून दारुड्यांना खाली उतरवणारी बाई मी. त्या वाकण्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळं अडलं. सोसायटीचं ना-हरकत पत्र मिळेना. मूळ कागद म्हणे मुंबईला मुलाकडे. मालक फोन घेईनात. एजंट मात्र रोज फोन करायचा. "मॅडम, तुम्हीच नको म्हणा ना. तिकडचं वातावरण तुम्हाला जमायचं नाही."

मी नको म्हटलं की विसार बुडाला. खरेदीची मुदत टळली तरी बुडाला. बँकेला मूळ कागद हवेत, ते त्यांच्याकडे. भाड्याची खोली महिनाअखेर सोडते असं मी सांगून बसलेली, खोलीवाल्याने दुसरं बिऱ्हाड ठरवलंही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्या विसारात माझी सगळी शिल्लक होती, आयेच्या पाटल्यांसकट.

आयेने ऐकलं आणि म्हणाली, "पैशे जाऊदेत बाय. तितं रोज त्यांची तोंडं बगत कशी ऱ्हाशील?" मी तिच्यावर ओरडले. कारण तोच विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला होता.

मग विसारपावती काढली. सहीच्या वेळी एजंटाने ती वाचून दाखवली होती. "तुम्ही मागे हटलात तर पैसे जप्त," एवढं मोठ्याने. पुढे म्हणाला, "बाकी नेहमीचंच." मी मान डोलावली होती. चूक माझीच. आता ते 'नेहमीचं' वाचलं. विकणाऱ्याने माघार घेतली तर त्याने विसाराची दुप्पट रक्कम द्यायची, नाहीतर खरेदीखत करून द्यायचं. म्हणजे विसाराने दोघंही बांधलेले! म्हणून तर 'नको' माझ्या तोंडून हवं होतं. जात त्यांनी बघायची आणि दंड मी भरायचा. आधी हसू आलं, मग संताप. पावती घेऊन तशीच एका वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही तयार आहात हे लेखी कळवा. फोनवर काही कबूल करू नका." रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. कर्ज मंजूर आहे, मी खरेदीला तयार आहे, मूळ कागद दाखवा.

आणि मालकांचा फोन आला. "शहाणी असशील तर नको म्हण नि मोकळी हो. निम्मे परत देतो."

"सांगायचं ते लिहून पाठवा," म्हटलं आणि फोन ठेवला.

मुदतीला नऊ दिवस उरलेत. सामान बांधलंय, जायचं कुठे ते ठाऊक नाही. शेवटच्या दिवसाची रजा टाकलीय. सकाळीच खरेदीखत नोंदायला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन बसणार, संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत. ते आले नाहीत तर तिथून उठून कोर्टात. घर मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण नको मी म्हणणार नाही. त्यांना म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. कागदावर म्हणावं, कारण लिहावं, आणि खाली सही करावी.