वाईनच्या बाटलीचा छळ

फॉरेस्टच्या क्वार्टर लाइनीत राहणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. चार जण ओट्यावर बसले की एकातून एक निघतच जातात. पण एटापल्लीच्या आमच्या लाइनीनं एका बाटलीचे जे हाल केले, ते सांगताना आजही माझं डोकं तापतं!

बाटली डॉक्टर रामटेकेची. सावली गावच्या शाळेपासूनचा माझा दोस्त. गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हा याची बदली झाली भामरागडला. पावसाळ्यात नद्या भरल्या की तिथून माणूस बाहेर पडू शकत नसे. जाताना त्यानं गोव्याहून आणलेली लाल वाईन माझ्या हाती दिली. "वासुदेव, थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेव. हलवू नको. भामरागडातून सुटलो की दोघं मिळून उघडू!"

मी शब्द दिला. आता शब्द पाळायचा म्हणजे काय गुन्हा आहे का?

* * *

पहिला शत्रू घरातच. मी बाटली पलंगाखाली आडवी ठेवायचो, बायको उचलून चुलीजवळच्या फळीवर उभी करायची. रोज!

"अगं, आडवीच ठेवतात तिले!"

"गोडेतेलाची बाटली आडवी ठेवता का कधी? पलंगाखाली मुंग्या झाल्या, तं तुमी झाडसान का?"

वर टिनाचं छप्पर, खाली चूल. वाईनचा काढा व्हायचीच वेळ आली होती.

* * *

शेजारचा केवळराम वनरक्षक. मोहाच्या दारूतला स्वतःला जाणकार समजायचा. बाटली पाहून म्हणाला, "कधीची हाये?"

"चार-पाच वर्षं जुनी असेल."

"अरेरे! शिळी हाये! मोहाची तं आज काढली, आज पेली. जुनी करून कोनी पेते का भाऊ? फेकून दे!"

आणि फेकायला हातही पुढं केला की त्यानं!

* * *

गावात फ्रिज एकच, दवाखान्यातला, लसींचा. रॉकेलवर चालायचा. मी पिशवीत बाटली घालून सिस्टरबाईंकडे गेलो. डॉक्टरचीच आहे, एका कोपऱ्यात राहील, एवढंच म्हणालो.

"लेकराइच्या पोलिओच्या डोसाजवळ दारू? वासुदेवभाऊ, लाज नाई वाटत तुमाले?" पेशंटची अख्खी रांग माझ्याकडे पाहत होती. बाई बरोबर होत्या हो, पण एवढ्या मोठ्यानं बोलायचं काय कारण?

* * *

मग आमचे रेंजर साहेब म्हणाले, "वाईनला तळघर लागतं, तळघर!" तळघर कुठून आणू? परसात खड्डा खणला, ओली रेती घातली, बाटली आडवी निजवली. वर फळी, फळीवर माती.

पण आमच्याकडे दारू जमिनीत पुरतात ती हातभट्टीवालेच. कोणीतरी चुगली केली. दारूबंदीचा जमादार लोखंडी सळई घेऊन हजर! सळई खुपसत खुपसत अख्खं परस उकरलं, माझी वांगी आडवी केली आणि शेवटी ती एकुलती एक बाटली वर काढली.

"बाकीचा माल कुठी हाये?"

"एवढाच आहे साहेब."

"मले येडा समजता का? एका बाटलीसाठी कोनी एवढा खड्डा खनते?"

रेंजर साहेबांनी सांगितलं म्हणून बाटलीसकट सुटलो. तेही पोट धरून हसत होते. माझ्या वांग्यांचं कोणालाच काही नाही!

* * *

उन्हाळ्याच्या शेवटी चंद्रपूरकडून जीप आली. डॉक्टर उतरला, निम्मा झालेला. खिशातून कागद काढून दाखवला. बदलीची ऑर्डर, चंद्रपूरला! मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारली. धावत जाऊन बाटली आणली.

बूच काढायचा स्क्रू अख्ख्या एटापल्लीत नाही. केवळरामनं स्क्रूड्रायव्हरनं बूच आतच ढकललं आणि कोणी काही म्हणायच्या आत चमचाभर वाईन चुलीत टाकली. मोहाची पहिली धार असती तर भपकन पेटली असती. ही चुर्र करून विझली.

"डॉक्टर, तुमाले फसवलं! पानी हाये यात!"

मी घोट घेतला. चिंचेचा कोळ परवडला! शरमेनं मला वर पाहवेना. डॉक्टरनं मात्र अख्खा पेला संपवला. "चांगली सांभाळली बे," म्हणाला.

"ते जाऊ दे. तुहं सामान कुठी हाये?" मी विचारलं.

मी जीपमध्ये डोकावलो. मागं छतापर्यंत नुसती औषधांची खोकी होती.

डॉक्टरनं ऑर्डरची घट्ट गुंडाळी केली, बुचाच्या जागी बाटलीच्या तोंडात खुपसली आणि बाटली माझ्या हाती दिली.

"ठेव सांभाळून," म्हणाला. मग ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. "चला भाऊ, भामरागड. नदी भरायच्या आत."