दिग्याचं हँडल

किस्से सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. नव्वदच्या दशकात आम्ही कॉलेजातली टाळकी कोल्हापुरात पॅराशूटच्या उड्या शिकत होतो. मी सहा उड्या मारल्या, दिग्यानं तीन. तरी आजही राजारामपुरीत चहाला बसलो की किस्से सगळे दिग्याचे! जळतं माझं, खोटं कशाला बोलू?

*

शिकवायला घाटगे मास्तर होते, फौजेतून निवृत्त झालेले. ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारायची आणि मातीत लोळण घ्यायची. विमानातून उडी टाकल्यावर चारपर्यंत मोजून वर बघायचं. पॅराशूट नीट उघडलं नसेल तर छातीवरच्या रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं, हँडल ओढायचं.

माझी लोळण पहिल्या दिवसापासून झकास. दिग्या, पेठ वडगावचा दांडगा गडी, पोत्यासारखा आपटायचा.

मास्तर म्हणाले, "दिग्या, फाळक्यावरनंच असा पडतोस, मग विमानाला कशाला तरास?"

सगळे हसले आणि दिग्या सगळ्यांचा लाडका झाला. नीट लोळणाऱ्याकडे बघतो कोण?

*

पॅराशूट आम्ही तिघं गुंडाळायचो. मी, दिग्या आणि बापू. ज्यानं गुंडाळलं त्यानं सही केलेलं कार्ड पॅराशूटच्या पिशवीत ठेवायचं. उडीला जाताना ढिगातलं हाताला येईल ते उचलायचं.

मास्तरांचा नियम कडक होता. "ज्याचं पॅकिंग बिघडलं, त्येनं परत विमानात पाय ठेवायचा न्हाय!"

माझ्या घड्या म्हणजे साडीच्या निऱ्या! बापू कपडे ट्रंकेत कोंबावेत तसं कोंबायचा. मी त्याला ते तोंडावर सांगायचो.

*

माझी पहिली उडी. मैदानात चुन्याची फुली मारलेली होती. मी फुलीच्या बरोबर मधोमध उतरलो!

बघायला कोण होतं? एक म्हैस. बाकी सगळे दिग्याला शोधायला उसात घुसलेले. तो कुणाच्या तरी फडात पडला होता, आणि फडाच्या मालकानं त्याला बांधावर बसवून ऊस खायला दिला होता.

"पावणं वरनं आल्यात," मालक सांगत होता, "आसं कसं सोडायचं?"

*

मग दिग्याची तिसरी उडी. पॅराशूट उघडलं, पण एक दोरी वरून आडवी गेलेली. कापडाचे दोन फुगे झाले आणि दिग्या गरगर फिरत खाली यायला लागला. आम्ही खालून बोंबललो, "रिझर्व्ह! रिझर्व्ह!" खोटं नाही सांगत, त्या क्षणी जळण्याचं सुचलं नाही.

पांढरं रिझर्व्ह उघडलं. आम्ही धावत पोचलो तर दिग्या ढेकळात बसलेला. एक हात खिशात, दुसऱ्या हातात हँडल.

मास्तर धापा टाकत म्हणाले, "मर्दा, हँडल टाकलं न्हाईस?"

"परत द्यायला लागतंय न्हवं?"

मास्तरांनी तिथंच ते त्याला बक्षीस दिलं. मग कार्ड शोधलं. पिशवी रिकामी.

"वाऱ्यानं उडालं आसंल," दिग्या म्हणाला.

कोण चुकलं ते कळलंच नाही. मास्तरांनी आम्हा तिघांना चार दिवस नुसत्या घड्या घालायला लावल्या. नंतर मी चौथी, पाचवी, सहावी उडी मारली. दिग्याचा पाय मुरगळला होता, तो काही पुन्हा चढला नाही. पॅकिंग बापूचंच होतं हे मात्र मी पुढं वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आलो. बापू बिचारा मान खाली घालायचा.

*

सगळ्यात जिव्हारी लागलं ते राधानगरीला. मी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी मनात भरली. मी सहा उड्यांचं सांगितलं.

मुलीच्या मामांनी विचारलं, "कदी फसलं न्हाई व्हय पॅराशूट?"

"एकदाही नाही!"

"मग त्यात काय?" मामा म्हणाले आणि पोहे पुढं सरकवले.

दोन वर्षांनी तिचं लग्न दिग्याशी झालं. मामांनी मांडवात हँडलचा किस्सा दोनदा सांगायला लावला.

*

मध्यंतरी बरीच वर्षं गेली. दिग्यानं नवं घर बांधलं आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण ठेवलं. बाहेरच्या खोलीत, काचेच्या फ्रेममध्ये ते हँडल! बापू आत ताटं मांडत होता. मला ते एकदा, फक्त एकदा हातात धरायचं होतं. फ्रेम उतरवली, मागची पाठ काढली.

हँडलच्या मागं घडी घातलेलं एक पिवळं कार्ड होतं. पॅकिंगची तारीख दिग्याच्या तिसऱ्या उडीच्या आदल्या दिवसाची. खाली सही माझी.

दिग्या दारात उभा होता. त्यानं माझ्या हातातून कार्ड घेतलं, होतं तसं मागं ठेवलं, पाठ बसवली आणि फ्रेम खिळ्याला अडकवली.

आतून बापूनं हाक दिली, "काय चाललंय रं तितं?"

"काय न्हाय," दिग्या म्हणाला. "हँडल बघतोय त्यो. अजून जळतंय त्येचं!"