नानांच्या धनुष्याचा बत्ता

आमचे नाना कुठलीही वस्तू आधी हातावर तोलून बघत. मंचरच्या बाजारात विळा घ्यायचा असो की नारळ, डोळे मिटायचे, तळहात खालीवर करायचा आणि मगच "हां" म्हणायचं. काकू वैतागायची. "अवो, नारळ हाय त्यो, नवरी न्हाई!"

नाना माझे थोरले चुलते. तरुणपणी ते धनुष्यानं रानडुकरं मारत. शिकारीला बंदी आली तसं धनुष्य आढ्याला गेलं, ते उतरायचं फक्त दसऱ्याला. शिलंगणाच्या वेळी आमच्या शिवेवर केळीचा खांब रोवतात. त्यात पहिला बाण मारायचा मान आमच्या घराचा. धनुष्य धरायला मला नानांनीच शिकवलं. मी घाई केली की म्हणत, "हात थांबला का? मंग सोड."

काकू गेली त्याच वर्षी नानांचा हात थरथरायला लागला. चहा बशीत सांडायचा. त्याचं त्यांना काही नव्हतं. घोर एकच, दसऱ्याचा बाण.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात तिरंदाजी खेळत होते. सुट्टीत माझं धनुष्य घरी आणलं. त्याची पुढं आलेली दांडी बघून नाना म्हणाले, "ही शेपटी पुढनं कशी उगावली गं?"

"स्टॅबिलायझर आहे नाना. पुढं वजन असलं की धनुष्य हलत नाही."

"हलत न्हाई?" त्यांनी दोनदा विचारलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून नाना आपल्या धनुष्यासाठी वजन शोधायला लागले. पंपाचा बोल्ट बांधला, तो हलका. पहारीचा तुकडा बांधला, तर धनुष्य खाली झुकलं. माझा स्टॅबिलायझर हातावर घेतला आणि लगेच परत दिला. "चांगलाय, पर परका वाटतोय." शेवटी स्वयंपाकघरात गेले आणि काकूच्या खलातला पितळी बत्ता घेऊन आले. डोळे मिटून कितीतरी वेळ तो तळहातावर धरला. "हां," म्हणाले. मला रडूच फुटलं.

"रडतीस काय, येडे? तिनंच हात धरल्यावानी वाटतंय."

दसऱ्याला सगळा गाव शिवेवर जमला. धनुष्याला बत्ता बघून पोरं फिदीफिदी हसली. नानांनी दोरी ओढली. धनुष्य खरंच हललं नाही. पण दोरीवरची बोटं ऐकेनात, आणि बाण केळीपर्यंत न जाता मातीत पडला. आता कुणी हसलं नाही. नानांनी बाण उचलला, धोतराला पुसला.

"धनुष्य न्हाई हललं, राव. मीच हललो." एवढं बोलून त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं.

भावकीत कुजबूज झाली, पोरीनं कसं मारायचं म्हणून. नाना कडाडले, "मान घराचा हाय. ही काय शेजारची हाय व्हय?"

मी दोरी ओढली. मागून आवाज आला, "हात थांबला का?" मी सोडला. बाण खांबात रुतला. वळून बघते तर नाना उपरण्यानं डोळे टिपत होते. मान राहिला होता, पण त्यांच्या हातातून गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. बोलणं बंद झालं. मी उशाशी बसून त्यांचा हात धरून ठेवायचे, त्याची थरथर माझ्या कोपरापर्यंत यायची. एके दिवशी दिवेलागणीला ती थरथर थांबली.

वहिनी जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वन्सं, सोडा आता."

हात थांबला होता. मला सोडवेना.